चालतं त्रिकूट बंद करताना: झाक लुसिए यांच्या एका निर्णयाचा अभ्यास

प्रकरण थोडक्यात

१९७८ साली फ्रेंच पियानोवादक आणि संगीतकार झाक लुसिए यांनी आपलं त्रिकूट मोडलं. पियानो, डबल बास आणि ड्रम्स अशी तीनच वाद्यं. वाजवायचं अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचं संगीत, पण जॅझच्या चालीने. १९५९ पासून जवळजवळ दोन दशकं हे तिघं जगभर कार्यक्रम करत होते. पहिल्या पंधरा वर्षांत त्यांच्या साठ लाखांहून जास्त रेकॉर्ड खपल्या. गायक नाही, शब्द नाहीत, तरी एवढा खप. हे सगळं हाताशी असताना लुसिए यांनी चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर ते थांबवलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात स्वतःच्या स्टुडिओत जाऊन बसले. सात वर्षांनी ते परत आले, तेही बाख घेऊनच.

हा निर्णय बरोबर होता का, हे इथे तपासायचं आहे. एकाच कामासाठी ओळखला जाणारा कलावंत आपल्याकडेही जागोजाग भेटतो. श्रोत्यांची फर्माईश तीच, आयोजकांची जाहिरात तीच, आणि त्याने स्वतः रचलेलं नवं काही ऐकायला मात्र कुणाला वेळ नसतो. लुसिए यांनी या पेचावर नुसती तक्रार केली नाही. त्यांनी पावलं उचलली, त्यातली काही बरोबर पडली, काही चुकली. म्हणून त्यांचं प्रकरण शिकण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

लुसिए यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९३४ चा, पश्चिम फ्रान्समधल्या आंजे शहरातला. पियानो दहाव्या वर्षी सुरू झाला. पियानोच्या दुनियेत याला उशीरच म्हणतात. वर्षभरात त्यांच्या हाती बाखच्या एका घरगुती वहीतला छोटासा तुकडा आला. ही वही बाखने आपली दुसरी पत्नी आना माग्दालेना हिला दिली होती, आणि आजही पियानो शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीला त्यातलेच तुकडे देतात. छोटे लुसिए तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि वाजवता वाजवता त्यात आपल्या पदरचे सूर घालायला लागले. मोठेपणी मुलाखतींत ही आठवण ते सांगत. ती लक्षात ठेवली पाहिजे, कारण 'प्ले बाख' (त्रिकुटाच्या बाखच्या रेकॉर्डमालेचं नाव) म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या डोक्यातून निघालेली विक्रीची युक्ती, असा समज अनेकांचा असतो. मुळात ती एका अकरा वर्षांच्या मुलाची खोड होती.

तेराव्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांना ईव नात भेटले. बीथोव्हनच्या सोनाटांसाठी नावाजलेले हे पियानोवादक मुलाला तीन महिन्यांचा अभ्यास देत. तो तयार करून मुलगा पुन्हा त्यांच्यापुढे बसायचा. सोळाव्या वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला, नात यांच्याच हाताखाली. खर्च भागवायला बारमध्ये जॅझ वाजवणं सुरू झालं. शिक्षणानंतर मध्यपूर्व आणि लॅटिन अमेरिकेत भटकंती झाली, क्यूबात तर वर्षभर मुक्काम पडला. शार्ल आझ्नाव्हूर, लिओ फेरे, कातरीन सोव्हाज अशा नामवंत गायकांना त्यांनी पियानोची साथ केली.

या साथीच्या काळाबद्दल फार लिहिलं जात नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. फेरे किंवा आझ्नाव्हूर यांच्यामागे बसणाऱ्याला कुठे थांबायचं हे शिकावंच लागतं. लुसिए यांच्या बाखमध्ये जी मोकळी जागा ऐकू येते, डबल बासला बोलू देण्याची जी सवय दिसते, ती फक्त विद्यालयात येत नाही.

पहिला निर्णय: बाखच का

१९५९ मध्ये लुसिए यांनी पिएर मिशलो आणि क्रिस्तियाँ गारोस यांना घेऊन त्रिकूट उभं केलं. मिशलो डबल बास वाजवायचे. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टसोबत वाजवलेला हा माणूस, आणि १९५७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी पॅरिसमध्ये एका फ्रेंच चित्रपटासाठी जे अजरामर संगीत ध्वनिमुद्रित केलं त्यातही बास त्यांचाच. गारोस ड्रम्सवर. म्हणजे सोबतीला घेतलेले दोघंही मुरलेले जॅझवाले होते, लुसिए यांच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. हा निर्णय मला 'बाख घेऊ' या निर्णयाइतकाच मोलाचा वाटतो. शास्त्रीय शिकलेल्या पियानोवादकाने शास्त्रीयच शिकलेले साथीदार घेतले असते तर चाल कागदावर बसली असती, कानाला मात्र ती लंगडीच वाटली असती.

बाखला जॅझमध्ये आणणारे लुसिए पहिले नव्हेत. १९३७ मध्येच पॅरिसमध्ये राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली व एडी साउथ यांनी बाखच्या दोन व्हायोलिनच्या कॉन्चेर्टोचा (एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केला होता. लुसिए यांनी वेगळं केलं ते हे, की एखादा गमतीचा प्रयोग म्हणून न सोडता त्याच कामावर आपलं सगळं पणाला लावलं.

आणि बाख हा त्यासाठी किती योग्य होता हे बघायचं तर त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डवरचा सी मेजरमधला पहिला प्रील्यूड (छोटी, प्रस्तावनेसारखी रचना) घ्या. मूळ रचना पस्तीस बारची (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक तुकडा). प्रत्येक बारमध्ये एक कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या सुरांचा गट, तिचे सुटे केलेले आठ सूर, आणि लगेच तेच आठ सूर पुन्हा. अगदी शेवटच्या दोन-तीन बारपर्यंत हेच चालतं. वेगळी अशी सुरावट नाहीच. कॉर्डमागून कॉर्ड सरकत जाते आणि त्या सरकण्यातच सगळी गोडी आहे. जॅझ वाजवणाऱ्याला हे पान दाखवलं की त्याला समोर कॉर्डची आयती यादीच दिसते, म्हणजे त्याच्या रोजच्या कामाचा कच्चा मालच. लुसिए आधी प्रील्यूड जवळजवळ जसाच्या तसा वाजवतात. मग बास आणि ड्रम्स आत येतात, तीच कॉर्डची वाट कायम राहते आणि वर नवे सूर चालायला लागतात. आपल्या बैठकीत बंदिश आधी नीट मांडतात आणि मग तिचा मुखडा धरून विस्तार होतो, त्याच्याशी हे फार जवळचं आहे.

दुसरं उदाहरण बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमधल्या (सुइट म्हणजे छोट्या रचनांची माला) 'एअर'चं. मूळ रचनेत सुरुवातीला वरचं व्हायोलिन एकच सूर लांबवून धरतं आणि खाली बास एकसारख्या पावलांनी, एका सप्तकातून दुसऱ्या सप्तकात उड्या घेत उतरत जातो. बाखने १८ व्या शतकात लिहिलेली ही चाल आणि जॅझमधला 'चालता' बास यांत अंतर किती थोडं आहे, ते मिशलो बोटांनी तारा छेडत ती वाजवतात तेव्हा लगेच कळतं. बाख स्वतः जागच्या जागी रचना करण्यात तरबेज होता, आणि त्याच्या काळात साथीचे वादक बासच्या सुरांवर लिहिलेले आकडे बघून वरचा स्वरमेळ आपला आपण भरत. तेव्हा 'बाखवर जॅझ लादला' हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही.

आक्षेप मात्र दोन्ही बाजूंनी आले. शास्त्रीयवाल्यांना हे हलकं वाटलं, जॅझवाल्यांना फार नीटनेटकं. श्रोत्यांनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. 'प्ले बाख'चे एकामागून एक पाच भाग आले, आधी डेक्का कंपनीकडून. १९७३ मध्ये त्रिकूट फिलिप्सकडे गेलं. ब्रिटनमध्ये तर त्यांची 'एअर' हॅम्लेट सिगारच्या टीव्ही जाहिरातीत गेली आणि कित्येक वर्षं वाजत राहिली. जाहिरातीत एखाद्याची पुरती फजिती व्हायची, तो शांतपणे सिगार शिलगवायचा आणि लुसिए यांचा पियानो सुरू व्हायचा. लुसिए यांचं नाव कधीच न ऐकलेल्या लाखो घरांत त्यांचं वादन पोहोचलं होतं.

यात व्यवहाराचीही एक बाजू आहे. बाख १७५० मध्ये गेला. त्याच्या संगीतावर कुणाचा हक्क उरलेला नव्हता. परवानगी मागायची नाही, मूळ रचनाकाराला वाटा द्यायचा नाही. ज्या तरुणाच्या हातात भांडवल नाही त्याच्यासाठी हे फार सोयीचं. त्याची किंमत मात्र नंतर चुकवावी लागते. लोकांच्या लेखी रचना बाखची, आणि तुम्ही ती छान वाजवणारे. तुम्ही रचनाकार आहात ही ओळख तयारच होत नाही.

अडचण

लुसिए रचनाकार तर होतेच. चित्रपट आणि टीव्हीसाठी त्यांनी ढीगभर काम केलं. १९६३ मध्ये सुरू झालेली 'थिएरी ला फ्राँद' ही मध्ययुगीन साहसकथेची मालिका फ्रान्समध्ये घरोघरी बघितली जायची, तिचं संगीत त्यांचं. १९६८ च्या 'डार्क ऑफ द सन' या काँगोतल्या युद्धावरच्या चित्रपटाचंही त्यांचंच. त्यातली मुख्य धून २००९ मध्ये दिग्दर्शक टॅरंटिनो यांनी 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये पुन्हा वापरली, एवढा तिच्यात दम होता.

पण मंचावर गेलं की बाख. सत्तरच्या दशकाच्या शेवटी परिस्थिती अशी होती की त्यांचं नाव म्हणजे 'प्ले बाख', आणि 'प्ले बाख' म्हणजे त्यांचं नाव. रेकॉर्डच्या दुकानात त्यांचा खण ठरलेला, कार्यक्रमाचं तिकीट काढणाऱ्याच्या अपेक्षाही ठरलेल्या. आणि जॅझसाठी यात एक खास धोका आहे. ज्या विस्ताराचा प्राण ऐनवेळच्या सुचण्यात असतो, तो दोन दशकं तेच प्रील्यूड वाजवून हळूहळू पाठ होत जातो. रेकॉर्ड जितकी लोकप्रिय, तितकी लोकांना ती जशीच्या तशी मंचावर हवी असते.

शिवाय भोवतालचं संगीत बदललं होतं. सिंथेसायझर आले होते, स्टुडिओ हेच एक वाद्य झालं होतं. लुसिए यांना त्यात रस होता हे त्यांनी पुढे जे केलं त्यावरून उघड आहे. तीन अकूस्टिक वाद्यांच्या त्रिकुटात त्याला जागाच नव्हती.

समोर कोणते रस्ते होते

मागे वळून पाहताना १९७८ मध्ये चार रस्ते दिसतात.

सगळ्यात सोपा, जे आहे ते चालू ठेवायचं. पैसा, मान, प्रवास, सगळं होतं. दुसरा, त्रिकूट तेच ठेवून बाखच्या जागी दुसरे संगीतकार घ्यायचे: विवाल्डी, मोझार्ट, देब्युसी. तिसरा, पूर्णवेळ चित्रपटसंगीताकडे वळायचं. चौथा, मंच सोडून स्टुडिओत बसायचं आणि स्वतःचं लिहायचं.

माझ्या दृष्टीने एक पाचवाही रस्ता होता आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोर, फ्रान्समध्येच, कुणीतरी नुकताच चालून दाखवला होता. क्लोद बोलिंग हे कान शहरात १९३० मध्ये जन्मलेले जॅझ पियानोवादक. बासरीवादक झाँ-पिएर राम्पाल यांच्यासाठी त्यांनी बासरी आणि जॅझ पियानो त्रिकुटाचा सुइट लिहिला. त्याची युक्ती साधी होती: राम्पाल यांच्या वाट्याला काटेकोर शास्त्रीय ढंगाचं, पूर्ण लिहिलेलं संगीत, आणि बोलिंग यांच्या त्रिकुटाच्या वाट्याला जॅझ. दोघांनी आपापली भाषा सोडायची नाही, संवाद करायचा. १९७५ ची ही रेकॉर्ड अमेरिकेत शास्त्रीय संगीताच्या खपाच्या यादीत ५३० आठवडे, म्हणजे दहा वर्षं टिकली. पुढे बोलिंग यांनी पिंकास झुकरमन, योयो मा, मोरीस आंद्रे अशा एकेका मातब्बर वादकासाठी असंच लिहिलं. दोन शैलींची तीच सरमिसळ, पण मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून नाव बोलिंग यांचं.

लुसिए यांच्याकडे शास्त्रीय तालीम बोलिंग यांच्यापेक्षा कमी नव्हती. त्यांनी हा रस्ता तेव्हाच धरला असता तर त्यांची ओळख वेगळी झाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

काय केलं: मिरावाल

त्यांनी चौथा रस्ता धरला, तोही अर्ध्या मनाने नाही. प्रोव्हान्समधल्या कोरांस गावाजवळ मिरावाल नावाची जुनी वाडा-आणि-द्राक्षमळा अशी इस्टेट त्यांच्या मालकीची होती. १९७७ मध्ये ध्वनिमुद्रक पात्रीस केफ यांच्या सोबतीने तिथे त्यांनी स्टुडिओ उभा केला. मुक्कामी स्टुडिओ, म्हणजे वादकांनी तिथेच राहायचं, जेवायचं, हवं तेव्हा उठून वाजवायला बसायचं. स्वतःच्या प्रयोगांसाठी जागा झाली आणि बाहेरच्यांना भाड्याने देऊन तिचा खर्चही निघण्याची सोय झाली.

बाहेरचे म्हणजे तरी कोण? १९७९ मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चं काही काम इथे झालं. पुढे द क्युअर, शाडे असे कलाकार येऊन गेले. बाख वाजवून मिळालेल्या पैशातून बांधलेल्या जागेत रॉक संगीतातली एक सर्वांत मोठी रेकॉर्ड घडते, यात मला लुसिए यांच्या दूरदृष्टीचा पुरावा दिसतो. आपल्या वादनाची कमाई त्यांनी अशा ठिकाणी गुंतवली जिथे उद्याचं संगीत चालून दाराशी येईल.

स्वतःचं कामही लगेच सुरू झालं. १९७९ मध्ये 'प्युल्सियाँ' आला: कीबोर्ड, सिंथेसायझर, तालवाद्यं, एकच लयीचा आकार धरून त्याभोवती फिरत राहणारे तुकडे. 'प्ले बाख' आवडणाऱ्याला हे त्याच माणसाचं आहे हे सांगावं लागेल इतकं वेगळं. नंतरच्या वर्षांत 'ल्युमिएर' ही मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या पाठावर बांधलेली मोठी गायनरचना आली. बरोक, म्हणजे बाखच्या काळातला घाट आणि विसाव्या शतकातली तालवाद्यं तिच्यात एकत्र आहेत.

ही कामं गाजली नाहीत. त्यांच्या दर्जाबद्दल मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला 'प्युल्सियाँ'मधली लयीची पकड फार आवडते. पण ती गाजली नाहीत यामागचं एक कारण स्पष्ट आहे. लुसिए यांनी मंच सोडला आणि त्याबरोबर श्रोत्यांशी रोजचा संबंधही सोडला. पंधरा-वीस वर्षं ज्यांनी तिकीट काढलं, त्या माणसांना नव्या घराचा पत्ता कुणी दिलाच नाही.

दुसरा निर्णय: १९८५ चं पुनरागमन

१९८५ हे बाखच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. हेंडेल आणि स्कार्लात्ती या संगीतकारांचंही तेच. युरोपाने ते संगीतवर्ष म्हणून साजरं केलं आणि सगळीकडून बाखची मागणी वाढली. लुसिए यांनी पुन्हा त्रिकूट बांधलं, पण जुने सोबती न घेता. बासवर व्हँसाँ शारबोनिए, ड्रम्सवर आंद्रे आर्पिनो.

वरवर पाहता ही माघार वाटते. मी ती माघार मानत नाही, आणि त्याचं कारण त्या त्रिकुटाच्या वादनातच आहे. पन्नास-साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात बाख आणि जॅझ यांच्यातली शिवण दिसते: इथपर्यंत मूळ, इथून जॅझचा झोका, मग पुन्हा मूळ. नव्या त्रिकुटात ही शिवण बरीचशी मिटते. आर्पिनो यांचे ड्रम्स गारोस यांच्यापेक्षा कितीतरी पुढे येतात, त्यांत रॉकच्या पिढीचा जोर आहे. लुसिए एखादी छोटी सुरावट धरून तिच्याभोवती घुमत राहतात, अगदी 'प्युल्सियाँ'मध्ये घुमावं तसं. स्टुडिओतली सात वर्षं वाया गेली असं म्हणणाऱ्याने ही दोन ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐकावीत.

मग १९७८ मध्ये नाकारलेला दुसरा रस्ताही त्यांनी उघडला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या टेलार्क कंपनीसाठी विवाल्डीचे 'चार ऋतू', एरिक सातीच्या रचना, रॅव्हेलचा 'बोलेरो', देब्युसी, आणि २००० मध्ये बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. तोवर बासवर बनवा द्युनवाये द सगोंझाक आले होते. पुढे हेंडेल, मोझार्ट, शुमान. साती तर त्यांच्या हाताला असा बसला की तो जॅझसाठीच लिहिला असावा: कमी सूर, भरपूर शांतता, आणि तीच जुनी साथीदाराची सवय.

मिरावाल त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विकलं. पुढे ती इस्टेट ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांच्याकडे गेली आणि २०२२ मध्ये तिथला स्टुडिओ नव्याने सुरू झाला.

'प्युल्सियाँ'चा खटला

२००२ मध्ये हे विस्मृतीत गेलेलं काम अचानक बातम्यांत आलं. रॅपर एमिनेम यांच्या २००० सालच्या 'किल यू' या गाण्याचा पाया 'प्युल्सियाँ'मधून परवानगीशिवाय उचलला आहे, असा दावा लुसिए यांनी अमेरिकेत दाखल केला. मागणी एक कोटी डॉलरची आणि रेकॉर्डची विक्री थांबवण्याची. शेवटी न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

जन्मभर दुसऱ्याच्या संगीतावर उभं राहिलेल्याने असा खटला भरावा का, असा सूर तेव्हा आणि नंतरही लावला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. लुसिए यांनी बाखचं नाव प्रत्येक मुखपृष्ठावर ठळक छापलं. बाख जाऊन तेव्हा दोनशे वर्षं उलटली होती. 'प्युल्सियाँ'चा रचनाकार हयात होता आणि त्याचा दावा असा होता की आपलं नाव कुठेच नव्हतं. ज्या रचनेसाठी त्यांनी चालतं त्रिकूट बंद केलं होतं, तिच्या मालकीसाठी ते भांडले. मी तर म्हणेन की रचनाकार म्हणून आपलं काम किती गंभीरपणे घेतो, हे त्यांनी सगळ्यांत स्पष्टपणे इथेच सांगितलं.

काय झालं

२०११ मध्ये जर्मनीतल्या एका महोत्सवात वाजवताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मंच कायमचा सुटला. ५ मार्च २०१९ रोजी ब्लवा इथे वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. जगभरच्या मृत्युलेखांत पहिल्या ओळीत बाख होता आणि ब्रिटनमधल्या लेखांत सिगारची जाहिरात. त्यांनी स्वतः रचलेल्या कॉन्चेर्टोंना मिळाली ती एखाद-दुसरी ओळ.

म्हणजे १९७८ च्या निर्णयाचा एक हेतू साधला, एक फसला. वादक म्हणून ते ताजे राहिले. पन्नाशीनंतरची पंचवीस वर्षं त्यांनी जे वाजवलं ते जुन्या यशाची नक्कल नव्हती. रचनाकार म्हणून ओळख मात्र मिळाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थांबण्याचा निर्णय मी बदलला नसता. तेच विस्तार आणखी दहा वर्षं वाजवून त्या संगीताचा रस आटला असता, आणि १९८५ चं त्रिकूट इतकं मोकळं वाजलं नसतं.

थांबण्याची रीत मात्र बदलता आली असती. त्रिकूट पूर्ण मोडण्याऐवजी वर्षातले थोडे कार्यक्रम ठेवले असते, तर 'प्युल्सियाँ'च्या मागे जुने श्रोते उभे राहिले असते. स्टुडिओच्या भाड्यामुळे खर्चाची काळजी थोडी हलकी झाली होती, तेव्हा कमी कार्यक्रम परवडले असते.

दुसरी संधी १९८५ ची, आणि मला तीच जास्त खटकते. सभागृहं भरलेली होती. अशा प्रत्येक कार्यक्रमात, बाखचा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो आणि 'एअर' यांच्या मधोमध, वीस मिनिटांची आपली एक रचना ठामपणे ठेवली असती तर दहा वर्षांत तिचाही श्रोतृवर्ग तयार झाला असता. बाखच्या ओढीने आलेला माणूस वीस मिनिटं नवं ऐकायला तयार असतो, फक्त ते त्याच संध्याकाळी, त्याच हातांनी वाजवलेलं हवं.

तिसरी गोष्ट बोलिंग यांच्या उदाहरणातली. लुसिए यांचे कॉन्चेर्टो वाईट नाहीत, पण ते एखाद्या नामवंत वादकाच्या गळी उतरवून, त्याच्या नावासह बाजारात आणण्याची खटपट बोलिंग यांच्याइतकी दिसत नाही. त्यांचा दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो तर आपल्यापैकी प्रत्येकाने शोधून ऐकावा, कारण तो व्हायोलिन आणि तबल्यासाठी आहे. लेहऱ्यासारखी व्हायोलिनची साथ आणि पुढे तबला अशी त्याची मांडणी नाही; तंतुवाद्यांच्या मेळ्यात तबला त्यांनी बरोबरीचा म्हणून बसवला आहे. नॅक्सॉस कंपनीने त्याची रेकॉर्ड काढली, वादक पोलंडचे होते. मुंबई-पुण्यात व्हायोलिन आणि तबला यांची तयारी असलेले किती कलावंत आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. ही रचना इथे एखाद्या तबलजीने मनावर घेऊन उभी करायला हरकत कसली?